मापाचा दिवस

व्हिडिओ सत्तावीस सेकंदांचा होता, आणि त्यात माझे बाबा एका इंजिनाचा मुका घेत होते. मुका हा शब्द ऋतिकाचा. कारखान्यातल्या मोजणीच्या खोलीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावणं हा आपला हक्क समजते. "किती गोड गं," ती म्हणाली, "यंत्रावर एवढी श्रद्धा." घरच्या ग्रुपवरही तेच चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाने, अल्पेशने, व्हिडिओ टाकला होता आणि त्याच्याखाली जोडलेले हात, डोळ्यांच्या जागी बदाम असलेले चेहरे, मावश्यांचे आशीर्वाद यांची रांग लागली होती. मी मात्र डब्याचं झाकण हातात धरून तशीच बसून राहिले. मुरुडच्या कोळीवाड्यात बोटींची इंजिनं बांधणारा हिरामण फिटर, म्हणजे माझा बाप, याने आयुष्यात कुठल्या यंत्रापुढे मान वाकवलेली नाही. दसऱ्याला लोक इंजिनाला झेंडूच्या माळा घालायचे तेव्हा बाबा बाजूला उभे राहून, पाकळ्या हवेच्या जाळीत अडकतील, म्हणून कुरकुरायचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला मात्र मनापासून नमस्कार करायचे. समुद्र कधी फिरेल सांगता येत नाही, त्याला हात जोडलेले बरे. इंजिन तुम्ही बांधाल तसंच वागतं, त्याला हात कशाला जोडायचे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा माणूस सत्तरीला येऊन भाविक झाला असेल तर मला आनंद व्हायला हवा होता, पण मी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.

माझं काम चुका शोधण्याचं आहे. तळोज्याच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि बाहेर पडण्याआधी ते माझ्या टेबलावरून जातात. त्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवलेलं असतं, कारण लोखंड उकाड्याने फुगतं, गारव्याने आक्रसतं, आणि सगळ्या जगाने मिळून ठरवलंय की मोजायचं ते वीस अंशांवर. अकरा वर्षं मी वीस अंशांत राहते आहे. माझा स्वेटर, माझा आवाज, लोकांशी वागण्याची माझी तऱ्हा, सगळं हळूहळू त्या तापमानाला आलं आहे, असं माझ्या पाठीमागे बोलतात आणि ते खोटं नाही. पण या कामाने मला एक सवय लावली. एखादी वस्तू दिसायला बरोबर असेल, आकडेही बरोबर असतील, तरी ती हातात घेतल्यावर काहीतरी खुपतं, आणि ते खुपणं बहुतेक वेळा खरं निघतं. तो व्हिडिओ मला तसा खुपत होता. त्या दुपारी तो मी चौदा वेळा पाहिला. बाबांची पाठ, वाकलेली मान, उघड्या इंजिनात घातलेलं तोंड, मिटलेले डोळे. नमस्कार करणारा माणूस टेकतो आणि उठतो. बाबा टेकले ते टेकलेच; सत्तावीस सेकंदांत एकदाही उठले नाहीत. संध्याकाळी अल्पेशला फोन केला तर तो हसत म्हणाला की गेल्या वर्षापासून बाबांचं हे असंच चाललंय, प्रत्येक इंजिनाला तोंड लावतात, वाड्यात सगळे कौतुक करतात. आणि म्हणाला, रविवारी नीराबाईच्या बोटीच्या इंजिनाचं माप आहे, येतेस तर ये. नीराबाईच्या बोटीवर तो स्वतःच तांडेल आहे, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या, त्याच्या हाताखाली सात माणसं. मासेमारीची बंदी उठायला दहा दिवस उरले होते. मी शनिवारची अर्धी रजा टाकली, कपाटातून बारीक हालचाल मोजणारं माझं स्वतःचं डायल गेज काढून पिशवीत टाकलं आणि पनवेलहून मुरुडची एसटी धरली. गेज कशाला घेतलं हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती.

मापाचा दिवस म्हणजे काय हे कोळीवाड्याबाहेरच्या माणसाला सांगायला लागतं. इंजिनाच्या पोटात खाली एक दांडा फिरत असतो, त्याच्यावर उंचवटे असतात. वर माथ्यात झडपा असतात; इंजिनाने श्वास घ्यायचा आणि सोडायचा तो या झडपांतून. खालच्या उंचवट्याचा धक्का वरच्या झडपेपर्यंत नेणारी जी बोटाएवढ्या जाडीची पोलादी काठी असते ती पुशरॉड. सहा सिलिंडरांना बारा. ती जास्त लांब झाली तर झडप कधीच पुरती मिटत नाही, आणि एखाद्या दिवशी वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो. आखूड झाली तर झडप पुरती उघडत नाही आणि इंजिन धापा टाकतं. नव्या इंजिनात हा प्रश्न नसतो. पण खाऱ्या पाण्याने इंजिनाचा माथा खाल्ला की तो छिलून सपाट करावा लागतो, आणि दोनतीनदा छिलला की वरखालचं अंतर घटतं आणि जुन्या काठ्या लांब पडतात. मग नवी काठी केवढी हे कोणीतरी ठरवायचं. बाकीचे फिटर एक काठी मोजतात आणि त्या मापाच्या बारा कापून आणतात. बाबा बाराच्या बारा वेगळ्या मोजायचे. एक जुनी काठी मधोमध कापून त्यांनी तिच्यात आटे पाडलेला खिळा बसवला होता. नट फिरवला की काठी लांब होई. ती जागेवर उभी करायची, चिमटीत धरून हलकेच वरखाली करायची आणि नट फिरवत जायचं. आधी काठीला ढील असते, वरखाली होताना ती किंचित टकटकते. मग ढील कमी कमी होत जाते, आणि एक क्षण असा येतो की ढील संपलेली असते पण झडप अजून उचललेली नसते. त्या क्षणी बाबा म्हणायचे, "बसला." मग काठी बाहेर काढून मोजायची. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असा तो क्षण, आणि तो दोन बोटांना कळायचा.

त्या दोन बोटांची आमच्या घरात जी बडदास्त होती ती देवाचीही नव्हती. मापाच्या आदल्या संध्याकाळी आई बाबांचे हात कोमट पाण्याने धुवायची आणि धुतलेल्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी काम होईपर्यंत बाबा कशाला हात लावायचे नाहीत. मासळीचा काटा टोचेल, मिरची झोंबेल, चहाचा पेला चटका देईल. सकाळी आई त्यांना भरवायची. तांदळाची भाकर मोडून, घास करून, लहान पोराला भरवतात तशी, आणि दाढीचे खुंट वाढलेला हा भला मोठा माणूस मुकाट्याने तोंड उघडायचा. मी सातआठ वर्षांची असेन. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कुणी मैत्रीण दारात आली तर काय म्हणेल असं वाटायचं, आणि तरी माझी नजर तिथून हलायची नाही. गल्लीत त्या दिवशी कोणी मसाला कुटत नसे. तीन घरं पलीकडे मुसळ पडलं तरी बाबा म्हणायचे, इंजिनात उतरतं. बायका टोपल्या अलगद ठेवायच्या, भांडणं दुसऱ्या दिवसावर टाकायच्या. इंजिनाच्या शेडमध्ये तर कोणी शब्दही बोलायचा नाही. बोलायचा मान फक्त बाबांना, आणि तोही एकाच शब्दाचा. मी एकदा लोखंडी पेटीवर बसून पाहिलं होतं. सगळा कोळीवाडा श्वास रोखून आहे आणि माझा बाप डोळे मिटून एक काठी चिमटीत धरून उभा आहे. "बसला," ते म्हणाले, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी मोजणीच्या कामात पडले ती त्या काट्यामुळे. कॉलेजच्या मुलाखतीत मी वेगळं कारण सांगितलं होतं.

शनिवारी पोचले तेव्हा आई ओटीवर सुकटीच्या पाट्या झाकत होती. मला अचानक पाहून तिला आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. पोर न सांगता आली की आयांना दोन्ही एकदम होतं. जेवायच्या वेळी बाबा स्वयंपाकघरात गेले, गॅसवरचा भाताचा टोप दोन्ही उघड्या हातांनी उचलला, चार पावलं चालत आणला आणि सावकाश खाली ठेवला. घाई नाही, हात झटकणं नाही, कानाची पाळी धरणं नाही. टोपातून वाफ येत होती. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, ती लाल झाली होती. आई माझ्याकडे बघत होती, मी बघितल्यावर तिने नजर वळवली. आणि मग माझ्या ध्यानात आलं की उद्या माप आहे आणि बाबांच्या हातांना फडकं नाही.

रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले. म्हातारपणी माणूस चोचले सोडतो, फडकं सोडलं असेल, देव धरला असेल. सकाळी मी मुद्दाम लवकर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. आईने बाबांसमोर पेज ठेवली, गार झालेली. मीठ नाही, लोणचं नाही, वर सुकटीचा तुकडा नाही. चहा तर नाहीच, आणि चहाशिवाय बाबा सकाळी कुणाला ओळखत नाहीत. बाबांनी आपल्याच हाताने, चमच्याने पेज संपवली; चमचा ओठांना न लावता, तोंड मोठं उघडून आत सोडत होते. मग ते तसेच मान वर करून थांबले. आईने करंगळीवर तूप घेतलं आणि त्यांच्या ओठांवरून फिरवलं, आधी खालच्या, मग वरच्या, अगदी हळू, एकदा, पुन्हा एकदा. आणि पदराच्या टोकाने पुसून घेतलं. हात उघडे टाकले होते, कारण हातांत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. जी काही राखण चालली होती ती तोंडाची होती. बाबा इंजिनाला नमस्कार करत नव्हते, मुकाही घेत नव्हते. ते माप घेत होते.

मागच्या दारी आईने सगळं सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. बाबांच्या अंगात साखर नऊ वर्षांची. बोटांतली जाणीव दोन वर्षांपूर्वी गेली, आधी टोकांची, मग पेरांची. अलिबागच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून दाखवलं, बाबा दुसरीकडे बघत राहिले, त्यांना कळलंही नाही. घरी आल्यावर आठ दिवस शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. मग एके दिवशी मापाची काठी ओठाला लावून बसलेले दिसले. अल्पेशला सांगितलं नाही, नीराबाईला नाही, कुणालाच नाही. मी चिडले. म्हटलं, आठ माणसं त्या इंजिनाच्या भरवशावर खोल पाण्यात जातात, त्यांत तुझा मुलगा आहे, आणि तुम्ही दोघं लपवाछपवी करता? लोक व्हिडिओ काढतात, पाया पडतात, ते कसं चालतं तुम्हाला? आईने टोप उपडा घातला. "लोकान्ला भक्ती दिसते," ती म्हणाली, "दिसू दे. तू जाऊन माप बघ. चुकला तं मंग बोल."

शेडमध्ये नीराबाई आधीच येऊन बसली होती. नवरा गेल्यावर तिने बोटीचा कारभार स्वतः हातात घेतला, त्याला वीस वर्षं झाली. कोळीवाड्यात तिच्या शब्दाला वजन आहे आणि तिला ते माहीत आहे. अल्पेश बाहेर गल्लीच्या तोंडाशी उभा होता, मोटरसायकली अडवायला. इंजिन ओंडक्यांवर बसवलेलं, माथा नुकता छिललेला, चकचकीत. मी बाबांना थाप मारली की कंपनीचं गेज आणलंय, शिकायला म्हणून लावते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लाव. आवाज नको." मी गेजचा लोहचुंबक माथ्याला चिकटवला आणि त्याचं टोक काठीच्या वरच्या अंगाला टेकवलं. काठीत ढील असेल तेवढा काटा हलणार, संपली की थांबणार. गेजवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अकरा वर्षं मी या काट्यावर विश्वास ठेवून जगले आहे.

बाबा वाकले. एका हाताने काठी धरली, दुसऱ्यात पान्हा, आणि खालचा ओठ काठीला टेकवला. काठी वरखाली केली. काटा वीस घरं हलला. पान्हा फिरला. चौदा. पुन्हा. नऊ. बाबांचे डोळे मिटलेले, नाकातून श्वास इतका सावकाश की तुपाचा वास मला येत होता. पाच. तीन. आता ते नट फिरवत नव्हते, त्याच्यावर नुसता हलका भार देत होते. दोन. एक. काटा अजून थरथरत होता, अगदी किंचित, मला वाटलं माझीच नजर हलतेय. मग तो थांबला, आणि थांबल्याचं माझ्या डोळ्यांनी मला सांगायच्या आत बाबा म्हणाले, "बसला." मी काट्याकडे बघत राहिले. तो शून्यावर होता. वीस अंशांची खोली, काचेची दारं, तीस लाखांचं मोजणीचं यंत्र, आणि इथे पत्र्याच्या शेडमध्ये, दमट हवेत, साखरेने खाल्लेला एक म्हातारा ओठाने शून्य गाठत होता. मला ओरडून कुणालातरी सांगावंसं वाटलं. पण तेही इंजिनात उतरलं असतं. दुसरा. बसला. तिसरा. बसला. मी काठी काढून बाबांच्या मायक्रोमीटरने मोजायची, बाबा खडूने शेडच्या खांबावर आकडा लिहायचे. बारांतल्या कुठल्याच दोन सारख्या नव्हत्या. एक मोजून बारा कापणाऱ्यांचं काय होत असेल ते मला त्या दिवशी समजलं. सहाव्यापर्यंत मी काट्याकडे बघणं सोडून त्यांच्या चेहऱ्याकडेच बघायला लागले होते. तिथे काहीच हलत नव्हतं. सगळा माणूस त्या एका ओठात जाऊन बसला होता. बापाला मी कधी भ्याले होते, कधी त्याच्यावर रुसले होते, त्याच्या हाताला लागलेल्या ऑइलच्या वासाची लाजही वाटली होती मला. त्या घटकेला मात्र मला त्याच्यासमोर उभं राहायला मिळतंय याचंच अप्रूप वाटत होतं.

नवव्याला त्यांनी खालचा ओठ लावला, थांबले, तोंड बाजूला घेतलं. जिभेने ओठ चाचपला. मग मान वेगळ्या कोनात वळवून वरचा ओठ काठीला लावला. बराच वेळ गेला. "बसला." काटा शून्यावर होता, पण बाबांच्या कपाळावर घाम होता. माझ्याकडे न बघता, नीराबाईला ऐकू जाणार नाही इतक्या खाली ते पुटपुटले, "खालचा गेला. होळीपास्नं जातच हुता. वरचा हाय अजून."

दहावा. वरचा ओठ. काटा अकरा घरांवरून आठवर आला, सहावर आला, चारवर आला. आणि बाबा म्हणाले, "बसला." मी वाट पाहिली. ते चुकून बोलले असतील, अजून फिरवतील. त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि खडू उचलला. काठी अजून जागेवरच, त्यांच्या हातात होती, हात किंचित हलत होता, आणि काटा चार घरं जात होता, येत होता. चार शतांश मिलिमीटर. खरं सांगायचं तर एवढ्याने बोट बुडत नाही. वरच्या स्क्रूने तेवढं सावरून घेता येतं. पण ज्या माणसाला नऊ वेळा शून्य कळलं त्याला दहाव्यांदा चार कळले नाहीत, तर बाराव्याला चाळीसही कळणार नाहीत. कारखान्यात मी असा माल दुसरा विचार न करता बाजूला काढते, लाल पट्टी लावते, पुढच्याला बोलावते. इथे समोर नीराबाई होती, दाराबाहेर अल्पेशची पाठ दिसत होती, आणि मापाच्या शेडमध्ये पन्नास वर्षांत बाबांच्या शब्दावर कुणी शब्द काढला नव्हता. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. मला तेच असह्य झालं.

"नाही बसला, बाबा," मी म्हटलं.

माझा आवाज पत्र्याला लागून परत आला. नीराबाई उठून उभी राहिली. बाबांचा खडूचा हात खांबापाशी तसाच राहिला. मग त्यांनी खडू खिशात टाकला, पुन्हा वाकले, वरचा ओठ काठीला लावला, आणि मी पाहिलं की ते शोधत होते, सगळा जीव एकवटून शोधत होते, आणि तिथे काही नव्हतं. काटा चार घरं हलत होता. ते सरळ झाले. चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दूरवर चालून आलेल्या माणसासारखे ते दमलेले दिसत होते. एक पाऊल मागे सरले आणि इंजिनासमोरची ती जागा माझ्यासाठी रिकामी केली. मी गेजकडे हात नेला, तर म्हणाले, "काटा मागनं बघ. आदी होट लाव."

मी वाकले आणि खालचा ओठ काठीला लावला. पोलाद गार होतं, ऑइलची तुरट चव होती. काठी वरखाली केली आणि मला काहीही कळलं नाही, नुसतं एक निर्जीव लोखंड. मी डोळे मिटले. पुन्हा हलवली. मग फार खालून, इंजिनाच्या पोटातून काहीतरी आलं, इतकं बारीक की त्याला टकटक म्हणायलाही जीव होईना. कुणीतरी आत आहे आणि नखाने दार वाजवतंय. ते खालच्या उंचवट्याचं होतं, ते वरच्या झडपेचं होतं, आणि दोघांमध्ये उरलेली ती रिकामी जागा माझ्या ओठावर येऊन टेकली होती. जागेला स्पर्श असतो हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी तिचे आकडे लिहीत होते. माझे डोळे भरून आले. मी नटावर हलका भार दिला. जागा लहान झाली. आणखी. आणखी. आणि मग ती गेली. गेल्याचं इतकं स्वच्छ कळलं की मी दचकले.

"बसला," मी म्हटलं. डोळे उघडून पाहिलं, काटा स्थिर होता.

नीराबाई पुढे आली होती. तिने आधी मला पाहिलं, मग बाबांना, मग बाबांच्या बोटांना, आणि तिला सगळं उमगलं असावं, कारण तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला. "हिरामण," ती म्हणाली, "पोरीच्या मापावर बोट सोडू मी?"

मला वाटलं बाबा आता वाकून तपासतील. दुसऱ्या कुणाचं माप त्यांनी उभ्या जन्मात तपासल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्यांनी काठी काढून माझ्या हातात दिली, मी मायक्रोमीटर लावून आकडा सांगितला, आणि त्यांनी तो नवव्याच्या खाली खडूने लिहिला, ठळक, जरा तिरका.

"माजा अल्पेश हाय तुज्या बोटीवर," ते नीराबाईला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अकरावा घे."

मी पुढच्या सिलिंडरशी गेले आणि वाकले.